कोपऱ्यातल्या बाथरूमची कडी

रविवारी दुपारी सगळ्या मुली मेसमध्ये पनीरवर तुटून पडल्या असताना ईश्वरीने तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या बाथरूमला बाहेरून कडी लावली. कोणी तिला सांगितलं नव्हतं. कडी उघडी दिसली, म्हणून लावली.

सानपाड्याच्या त्या हॉस्टेलमध्ये बाथरूम सगळ्यांना मिळून होती, आणि या सगळ्यांत कबुतरंही धरायची. गॅलरीतून ती आत शिरायची आणि मगमध्ये काड्या जमवायची. त्यावर रेक्टर वैजयंती मॅडमनी नियम काढला होता. आत जाताना चपला दाराबाहेर, बाहेर आल्यावर दाराला कडी. चपला नाहीत म्हणजे आत कोणी नाही. हा नियम एकदा मोडला म्हणून ईश्वरीला सगळ्यांसमोर कबुतरांची अंडी साफ करावी लागली होती. त्या दिवसापासून येताजाता उघडी कडी दिसली की तिचा हात आपोआप पुढे जायचा.

बिचारीला दुसरीही धास्ती होती. गेल्याच महिन्यात मॅडमनी तिचा पाणी तापवायचा रॉड जप्त केला होता. हॉस्टेलात रॉडला सक्त मनाई. "या वेळेला सोडते. पुढच्या वेळी थेट वडिलांशी बोलेन," असं मॅडम म्हणाल्या होत्या. आणि वडिलांनी, म्हणजे माणगावच्या नंदकुमारांनी, पाठवतानाच बजावलं होतं की एक तक्रार आली तरी सामान बांधायचं, फार्मसी इकडेही शिकता येते. ईश्वरीला माणगाव आवडायचं, पण सुट्टीपुरतंच.

कडी लावून ती जेमतेम रूममध्ये पोचते तोच बाबांचा फोन आला. "खाली ऑफिसात बसलोय. आईने डिंकाचे लाडू दिलेत. आलोच आहे तर तुझ्या मॅडमनाही भेटून जातो."

ईश्वरी धावतच खाली गेली. बाबा डबा मांडीवर घेऊन बसले होते. समोर मॅडमची खुर्ची रिकामी आणि टेबलावर त्यांचा मोबाइल वाजत होता. वॉचमन किसन उरणकडच्या जासई गावचा, मॅडमना शोधून दमलेला. त्याने मेस, गच्ची, सगळं पालथं घातलं होतं. "रूमला कुलूप हाय. गेटाच्या भायेर गेल्या नाय, मी हितंच हाय," तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि दर वेळी त्याचा आवाज जास्तच बारीक होत होता. बाबांच्या कपाळावर आठी पडली. मुलींचं हॉस्टेल आणि रेक्टरच सापडत नाही, हे त्यांना पसंत पडलेलं दिसत नव्हतं. ईश्वरी मी बघते म्हणाली आणि रूममेट जाईला मेसमधून ओढत वर घेऊन गेली.

तिसऱ्या मजल्यावर शुकशुकाट होता. कोपऱ्यातून हळूच टकटक ऐकू आली. मग थांबली. मग पुन्हा टकटक.

"कबुतर असेल," जाई म्हणाली, पण ती ईश्वरीच्या मागे उभं राहून म्हणाली.

तेवढ्यात आतून कुजबुज आली, "कोण आहे गं बाहेर?" आवाज वैजयंती मॅडमचा होता. एरवी तो आवाज खाली रस्त्यावरची रिक्षा थांबवायचा.

 रेक्टरला कोंडलं आणि खाली बाबा बसलेत. जाईने सल्ला दिला की कडी काढायची आणि सुसाट पळायचं, आणि त्यातला पळायचा भाग तिने लगेच अमलातही आणला. ईश्वरी एकटी उरली. पळावं म्हणून तीही वळली. मग तिच्या मनात आलं, मॅडम ओरडत का नाहीत? घसरून पडल्या असतील का? डोक्याला लागलं असेल का? माणगावपेक्षा ही भीती मोठी होती. तिने देवाचं नाव घेऊन कडी काढली.

मॅडम धडधाकट होत्या. अंगात गाऊन, केस ओले आणि हातात स्वतःच्या चपला. मागे वाफाळती बादली होती. जुन्या, बंद गीझरच्या प्लगमधून निघालेली वायर बादलीत उतरली होती, आणि रॉडच्या मुठीवर ईश्वरीच्या आईने लाल नेलपॉलिशने काढलेला 'ई' चमकत होता.

"कडी कुणी लावली?"

"मी," ईश्वरी रडवेल्या आवाजात म्हणाली. "बाहेर चपला नव्हत्या, मॅडम."

मॅडमनी हातातल्या चपलांकडे पाहिलं. कोणी ओळखू नये म्हणून त्यांनीच त्या आत नेल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "कंबर धरलीय गं. डॉक्टरांनी गरम पाणी घ्यायला सांगितलंय, आणि माझ्या रूमचा गीझर प्लगसकट बंद पडलाय. ट्रस्टींना कळलं तर माझी नोकरी जाईल. बोलू नकोस कुठे."

मॅडमनाही भीती वाटते, हे ईश्वरीला नवीनच होतं. पण त्याने तिला धीर आला नाही, उलट आता कुणाचा आधार घ्यायचा तेच कळेना. "बाबा खाली बसलेत," ती कशीबशी म्हणाली. "तुम्हाला भेटायचंय म्हणतात."

मॅडमनी घाईघाईने प्लग काढला.

थोड्या वेळाने त्या ऑफिसात आल्या. साडी नेसल्या होत्या, केस मात्र ओलेच होते. मुलगी कशी आहे असं बाबांनी विचारताच मॅडमनी तिच्या शिस्तीचं इतकं कौतुक केलं की ईश्वरीलाच संकोच वाटला. दारं, कड्या, सगळीकडे लक्ष असतं म्हणाल्या. बाबांच्या कपाळावरची आठी गेली. त्यांनी डबा उघडून पुढे केला आणि उठता उठता थांबले.

"एक राहिलंच. हिला पाणी तापवायचा रॉड दिला होता. साधाच आहे. बादली तापते ना नीट?"

ईश्वरीने डोळे मिटून घेतले.

"हो, लगेच तापते," मॅडम म्हणाल्या. "वायर तेवढी आखूड आहे."

 मॅडमच्या केसांतून एक थेंब टेबलावर पडला. बाबांनी तो थेंब पाहिला, ओले केस पाहिले, आणि मुलीचा पांढराफटक चेहरा पाहिला.

"मग तो तुमच्याकडेच राहू द्या," ते शांतपणे म्हणाले. "घरी लांब वायरचा आहे. पुढच्या खेपेला हिला तो आणून देतो. तुमची काही हरकत?"

नियम सांगायला मॅडमनी तोंड उघडलं, आणि त्यात लाडू घातला.