लाल फितींचा डबा

बाळांनो, समजा, तुमची आई सरकारी इस्पितळात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते. आणि समजा, मागच्याच आठवड्यात तिच्या शेजारच्या मोंजीकाकांवर कुणीतरी रागाच्या भरात खुर्ची भिरकावली! हात प्लास्टरमध्ये! मग रोज आई कामाला निघाली की तुम्ही तिचा हात सोडाल का?

गाबेस शहरातली सात वर्षांची दोर्राही सोडायची नाही.

पण आज तिची आई नझिहा ऐटीत होती. कामगार संघटनेची चिटणीस ना ती!

"आज वाटाघाटी! खिडकीला जाड काच, दाराशी पहारेकरी आणि आमच्या पाठीमागे पळायला दुसरं दार. इस्पितळाच्या प्रमुखांची, लझहरसाहेबांची सही घेतल्याशिवाय उठायची नाही मी! आणि आरडाओरडा अजिबात नाही. आम्ही एकोणीस जण दंडाला लाल फीत बांधून मुकाट काम करणार. साहेबांना बरोबर कळतं, आज फीत म्हणजे उद्या संप!"

"फीत कुणी बांधायची?" दोर्राने विचारलं.

"ज्याला तिथे भीती वाटते, त्याने."

शाळेला सुट्टी होती, म्हणून दोर्राही निघाली. अख्खी लाल चादर फाडून केलेल्या फितींचा डबा तिच्याकडे. एकोणीस दंड झाले, तरी डबा भरलेलाच! नझिहा बैठकीला आत गेली, आणि दोर्रा वाट बघणाऱ्यांच्या बाकांकडे वळली.

"आजी, तुम्हाला इथे भीती वाटते?"

"वाटणार नाही तर काय! लेक सकाळपासून आत आहे, कुणी धड सांगत नाही!"

बांधली फीत!

खिडकीपाशी एक रेड्यासारखा आडदांड माणूस काउंटर बडवत होता. "माझ्या बापाला आत नेऊन तीन तास झाले! सगळे मुके आहात का?"

दोर्राने त्याची बाही ओढली. "काका, भीती वाटते?"

त्याची मूठ हवेतच थांबली. "वाटते गं," तो पुटपुटला आणि त्याने दंड पुढे केला. मग बाकामागून बाक, दंडामागून दंड!

आत लझहरसाहेबांचं तेच तुणतुणं. "काचेला मंजुरी नाही, पहारेकऱ्याची जागा नाही..." चहा मागवायला त्यांनी दार उघडलं आणि जागच्या जागी थिजले. "नझिहाबाई! तुम्ही एकोणीस ना? मग हे साठ फीतवाले कुठून उगवले?"

"देवाशप्पथ साहेब, हे आमचे नाहीत! दोर्रा!!"

"फसवणूक! बोलणी बंद!"

संपलं! नझिहाच्या डोळ्यांपुढे काच, दार, पहारेकरी सगळं धुक्यासारखं विरलं. तेवढ्यात तो आडदांड माणूस पुढे सरकला. खिडकीमागच्या मोंजीकाकांनी घाबरून झटकन प्लास्टर पाठीमागे लपवलं!

"साहेब, बोलणी बंद करू नका," तो आडदांड माणूस हळू आवाजात म्हणाला. "हात उगारतो तो आम्हा वाट बघणाऱ्यांतलाच. त्याला आवरायला पहारेकरी हवाच. पण दर अर्ध्या तासाने कुणी नुसतं सांगितलं ना, की तुमचा माणूस बरा आहे, तर खुर्ची कोण कशाला उचलेल?"

"खरंय!" साठ दंड वर गेले.

नझिहा खजील झाली. तीन महिने खल करूनही संघटनेला हे सुचलं नव्हतं! तिने कागदाच्या समासात चौथी मागणी खरडली.

साहेबांनी घाम पुसला. "पहारेकरी आणि निरोप्या उद्यापासून. काच महिनाभरात. आणि दार... बरं, दारसुद्धा!" भिंतीला कागद टेकवून त्यांनी सही ठोकली.

मग ते दोर्राजवळ वाकले. "पोरी, कधीकधी मलाही इथे जरा... एखादी फीत आहे का गं?"

दोर्राने डबा उलटा करून दाखवला, फितीसाठी थांबलेल्या रांगेतल्या शेवटच्या आजोबांच्या मागची मोकळी जागा बोटाने दाखवली आणि म्हणाली, "संपल्या, काका. रांगेत उभे राहा. घरी अजून एक चादर आहे!"