तेस्सूचं खोटं भुंकणं

ओइवाने लोखंड घासायची कानस बाहेर काढली, तेव्हाच त्याच्या बायकोने, राइलीने, टेबलावरची राईची भाकरी उचलून कपाटात ठेवली. नवरा दुरुस्तीला बसला की लोखंडाचा कीस भाकरीवर पडतो आणि दुरुस्त झालेली वस्तू पुन्हा कामाला येत नाही, एवढं तिला संसारात कळून चुकलं होतं.

या वेळी पाळी रायफलीच्या मॅगझिनची होती. मॅगझिन म्हणजे गोळ्या भरायची पत्र्याची डबी. ती रायफलीच्या पोटात खालून बसवायची, खटका पडला की हलत नाही. ओइवाची हलत होती. रानात चालताना एखाद्या बाळाचा खुळखुळा घेऊन निघाल्यासारखा आवाज यायचा, आणि एल्क या थोराड हरणाच्या शिकारीचा मोसम तर सुरू झालेला. राइली म्हणाली की शहरातल्या दुकानात नवीन मिळतं, शनिवारच्या आत आणता येईल. ओइवाला हा सल्ला अपमानकारक वाटला. जे काम कानशीने होतं त्यासाठी दुकानात जाणारा माणूस त्याच्या मते अर्धा माणूस होता.

आधी त्याने खटका ज्या खाचेत अडकतो ती खाच घासून खोल केली. त्याने डबी जास्तच हलायला लागली. म्हणून कॉफीच्या डब्याचा पत्रा कापून त्याची पट्टी डबीला चिकटवली, तर ती आतच जाईना. पट्टी घासली, तेव्हा आत गेली, पण बाहेर येईना. मग राइलीने रायफलीचा दस्ता पोटाशी धरला, ओइवाने पक्कड लावून ओढलं, आणि डबी निघाली ती एक कोपरा वाकवूनच. शेवटी सगळ्यावरून काळी चिकटपट्टी गुंडाळून त्याने ती बसवली आणि रायफल गदागदा हलवली. अजिबात आवाज आला नाही.

"बघ," तो म्हणाला.

"मला नको दाखवू," राइली म्हणाली. "एल्कला दाखव."

शनिवारी सकाळी शिकारीची टोळी तळ्याकाठच्या लाकडी खोपटात जमली. टोळीची म्होरकी हेल्का. जन्मभर गाई सांभाळलेली ही म्हातारी गाईंशी बोलावं तितकंच माणसांशी बोले, म्हणजे कामापुरतं. तिने जागा वाटून दिल्या आणि एकच गोष्ट बजावली: परवान्यातला एक मोठा एल्क अजून मारायचा राहिला आहे आणि सूप त्याचंच व्हायचं आहे. ज्यांच्या रानातून वर्षभर हिंडायचं, त्या सगळ्या गावाला शेवटी एल्कचं सूप पाजायचं, ही तिकडची रीत. उत्तरेकडच्या काइनूच्या त्या मुलखात सूप चुकवलेली टोळी पुढच्या वर्षी लोकांना तोंड दाखवू शकत नाही.

एल्कला हुडकून काढायचं काम तेस्सूचं. तेस्सू हा ताइस्तोचा करड्या रंगाचा, शेपटीचं वेटोळं पाठीवर ठेवलेला कुत्रा. ताइस्तोची बायको गेल्यापासून त्याच्या घरात दुसरा आवाज असा तेस्सूचाच होता. तेस्सू एल्कला गाठायचा, समोर उभा राहून एका ठेक्यात भुंकत राहायचा आणि त्याला शिकाऱ्यांकडे आणायचा. तो भुंकला की तिथे एल्क आहे, यावर पाद्रीबुवांच्या प्रवचनापेक्षा गावाचा जास्त विश्वास होता.

ओइवा आपल्या जागेवर एका पाइनला टेकून उभा राहिला. जागेवर पोचल्यावर गोळी नळीत चढवून ठेवायची असते. पण चढवताना डबी अडकली तर, या धास्तीने त्याने ते काम पुढे ढकललं. थोड्या वेळाने तेस्सूचा आवाज आला आणि जवळ येऊ लागला. झुडपं हलली आणि एल्क बाहेर आला. सांबराने घोड्याची उंची आणि उंटाचं तोंड उसनं घ्यावं, तसं ते धूड त्याच्यासमोर उभं राहिलं. ओइवाने घाईघाईने गोळी चढवायचा दांडा, म्हणजे बोल्ट, मागे ओढला, पुढे ढकलला, नेम धरला आणि चाप दाबला.

टिक, एवढाच आवाज झाला.

डबी बोल्टच्या हिसक्यानेच निसटून खाली मऊ शेवाळावर पडली होती. चिकटपट्टीमुळे तिने पडतानाही आवाज केला नव्हता, एवढी दुरुस्ती मात्र पक्की झाली होती. एल्कने मान वळवून पाहिलं. मागून कुत्रा येतोय आणि पुढे एक माणूस झाडाला चिकटून उभा आहे, यात कमी त्रासाचं कोण ते त्याने ठरवलं आणि तो सरळ ओइवाच्या अंगावरून गेला म्हणावं इतक्या जवळून गेला. जाताना त्याचा एक पाय नेमका डबीवर पडला. मग तो तळ्यात उतरला आणि पोहत पलीकडे निघून गेला.

ओइवा शेवाळ उकरून डबी काढत होता, तोच कमरेच्या वायरलेसवर हेल्काचा आवाज आला. वायरलेसवर एक बोलला की सगळी टोळी ऐकते.

"ओइवा, काही?"

खरं सांगायला एक श्वास पुरला असता. पण त्याच्या डोळ्यांपुढे कॉफीचा पत्रा आला, पक्कड आली, राइली आली.

"काही नाही," तो म्हणाला. "इकडे काहीच आलं नाही."

शेवाळ तुडवलं तरी पुन्हा फुगून वर येतं आणि बाकी सगळा खडक, त्यामुळे कुठे खूर उमटलेला दिसेना. ताइस्तो धापा टाकत पोचला तेव्हा तेस्सू तळ्याच्या काठावर उभा राहून रिकाम्या पाण्यावर भुंकत होता. ताइस्तोने त्याला पट्ट्याला धरून ओइवाच्या जागेपाशी आणलं. आल्या आल्या तेस्सू ओइवाच्या जाकिटाच्या खिशासमोर बसला आणि त्याच ठेक्यात भुंकू लागला. खिशात डबी होती, आणि डबीवर एल्कचा अख्खा पाय पडून गेला होता.

"आता माणसांवर भुंकायला लागला," ताइस्तो म्हणाला. मान खाली घालून त्याने कुत्र्याला ओढत नेलं. ओइवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी त्याने खिशाचं बटण लावून घेतलं.

गावात बातमी पसरली की तेस्सू खोटं भुंकतो. एल्कच्या कुत्र्याला याहून मोठा कलंक नाही. पुढच्या शनिवारी ताइस्तोने त्याला घरीच बांधून ठेवलं. कुत्र्याविना टोळी दिवसभर रान तुडवत राहिली आणि हात हलवत परत आली. ओइवाने मॅगझिनची दशा लपवायला खांदा लचकल्याचं सांगितलं होतं, म्हणून त्याला खोपटात कॉफी उकळायला बसवलं. संध्याकाळी हेल्काने त्याच्या खांद्यासाठी घरी मलम पाठवलं. ते गाईच्या सडांना लावायचं होतं, पण राइलीने ते अगदी निष्ठेने चोळलं. तिला बहुतेक संशय आला होता, कारण ती गरजेपेक्षा बरंच जोरात चोळत होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, असं मनाशी म्हणत ओइवा एक दिवस सॉसेजचा तुकडा घेऊन ताइस्तोच्या अंगणात गेला. तेस्सूने सॉसेज खाल्लं, मग खिसा हुंगला आणि भुंकला. लाकडं फोडणारा ताइस्तो मान वर न करता म्हणाला की कुत्रा म्हातारा झाला, त्याचं डोकं चालेनासं झालं. सोमवारी तो त्याला गुरांच्या डॉक्टरकडे नेणार होता.

"औषधाला?" ओइवाने विचारलं.

"नाही," ताइस्तो म्हणाला आणि पुढचं लाकूड ठोकळ्यावर ठेवलं. तेच लाकूड त्याने तीनदा ठोकलं तरी फुटलं नाही, कारण त्याला ते नीट दिसत नव्हतं.

ओइवा घरी आला तो जेवलाच नाही. शनिवारी सकाळी राइलीने जाहीर केलं की खांदा बरा झालाय, कारण काल त्याच खांद्याने त्याने बटाट्यांचं पोतं उचललं होतं. तिने रायफल स्वतः गाडीत ठेवली. मॅगझिनबद्दल तिने काही विचारलं नाही, आणि तेच ओइवाला जास्त लागलं.

खोपटात सगळे कॉफी पीत होते. हेल्का सांगत होती की आज शेवटची संधी, नाहीतर सूप दुकानातल्या डुकराच्या मांसाचं करावं लागेल. ते ऐकून लोकांनी कपात तोंडं घातली. मग दार उघडून ताइस्तो आला, सोबत तेस्सू. टोळीचा त्याला शेवटचा निरोप घेऊ द्यावा, म्हणून आणलं होतं. कुणीतरी हाड पुढे केलं. तेस्सूने हाडाकडे पाहिलंही नाही. तो सरळ ओइवासमोर जाऊन बसला आणि भुंकू लागला. ओइवा डावीकडे सरकला, कुत्रा डावीकडे सरकला. तो भिंतीला टेकला, कुत्रा पुढे आला. रानात एल्कला जसं जखडून ठेवायचं, तसं त्याने ओइवाला जखडून ठेवलं.

"माफ कर रे," ताइस्तो पट्टा ओढत पुटपुटला. "त्याला आता काही कळत नाही."

त्या माफीने ओइवाचा बांध फुटला. त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेली डबी काढली आणि टेबलावर कॉफीच्या कपांच्या मधोमध ठेवली.

"त्याला सगळं कळतं," तो म्हणाला. "एल्क आला होता. माझ्या नाकासमोर आला होता. हे खाली पडलं आणि तो याच्यावर पाय देऊन गेला. मी खोटं बोललो. मला लाज वाटत होती. आता तर फारच वाटतेय."

 ओइवाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हेल्काने डबी उचलली, काळी चिकटपट्टी सोलून काढली, डबीला लागलेलं शेवाळ झटकलं. वाकलेला कोपरा सरळ झाला होता. कॉफीच्या डब्याची पट्टी डबीला चपखल दबून बसली होती. तिने ओइवाची रायफल घेऊन डबी खालून लावली. खट्ट असा स्वच्छ आवाज झाला. तिने रायफल हलवली, उलटी धरली, वरून थापही मारली. डबी जराही हलली नाही.

"काम चांगलं केलंय," हेल्का म्हणाली. "एल्कने."

लोकांनी पुन्हा कपात तोंडं घातली, पण आता खांदे हलत होते. फक्त ताइस्तो हसला नाही. तो ओइवाकडे वळला.

"सोमवारची वेळ घेतली होती मी डॉक्टरकडे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"ती रद्द करायला तू फोन कर. आणि का रद्द करतोय तेही सांग."

डॉक्टर साऱ्या तालुक्यातल्या गोठ्यांतून फिरे आणि गप्पिष्ट म्हणून प्रसिद्ध होता. ओइवाने सगळ्यांच्या देखत फोन केला. पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता आणि ओइवा मध्येच एवढंच म्हणत होता, "हो, कॉफीच्या डब्याचा. हो, पायाने."

त्यानंतर टोळी रानात गेली. हेल्काने ओइवाला मुद्दाम त्याच पाइनपाशी उभं केलं. या वेळी त्याने गोळी आधीच चढवून ठेवली. तेस्सूचा आवाज आला, जवळ आला, आणि तोच एल्क त्याच झुडपांतून बाहेर पडला. डबी जागच्या जागी होती. ओइवाने नेम धरला आणि चाप ओढला. गोळी सुटली आणि एल्कच्या बऱ्याच वरून एका बर्चची फांदी घेऊन गेली. दुसरी चढवेपर्यंत एल्क काठाने हेल्काच्या दिशेला वळला होता.

"ओइवा, काही?" वायरलेस विचारत होता.

मॅगझिन पुन्हा पडलं, असं म्हणता आलं असतं, ते कुणालाही पटलं असतं. ओइवाने डोळे मिटून घेतले.

"होता," तो म्हणाला. "अगदी समोर होता. मॅगझिन उत्तम चाललं. मीच चुकलो."

 वायरलेसवर ताइस्तोचा आवाज आला. "ठीक. आज तू आणि तेस्सू दोघंही खरं बोलताय."

तेवढ्यात तळ्याच्या बाजूने हेल्काची एकच गोळी वाजली.

सूप झालं आणि अख्खं गाव आलं, डॉक्टरही आला. वाढायला ओइवाला उभं केलं होतं. ज्याला त्याला वाटी भरून देताना तो मान वर करत नव्हता, कारण प्रत्येक जण पुढे करण्याआधी रिकामी वाटी दोन्ही हातांनी हलवून ती खुळखुळत नाही ना, हे बघून घेत होता. राइलीने तर हलवून कानालाही लावली. रांग संपल्यावर पहिल्या प्रतीचं हाड घेऊन तो ताइस्तोच्या बाकाशी गेला आणि गुडघ्यावर बसला. तेस्सू जवळ आला. त्याने आधी ओइवाच्या जाकिटाचा रिकामा खिसा हुंगला, मग पुन्हा एकदा हुंगला, आणि न भुंकता हाड उचलून बाकाखाली निघून गेला.