अडकलेला निरोप समारंभ

"व्हीसीडी की डीव्हीडी, याचा निकाल आज संध्याकाळी लागणार," असं जावयाने सकाळी दाढी करतानाच जाहीर केलं होतं. दुकानदाराला गळ घालून त्याने दोन्ही प्लेअर एका दिवसापुरते घरी आणले होते. व्हीसीडीचा स्वस्त, डीव्हीडीचा महाग पण दोन्ही डिस्क पचवणारा. सासऱ्यांसाठी कोणता घ्यायचा, ते ठरवायचं होतं. परीक्षेसाठी सासूबाईंनी एक व्हीसीडी मऊ कापडात गुंडाळून पाठवली होती: सासऱ्यांचा निरोप समारंभ.

सासरे जन्मभर तुरुंगाधिकारी. जावई मुलगी मागायला गेला तेव्हा ते नुसतं "बसा" म्हणाले, तर त्याला "किती वर्षं?" असं विचारावंसं वाटलं होतं.

संध्याकाळी सासरची मंडळी यायच्या आधी रंगीत तालीम म्हणून त्याने ती डिस्क डीव्हीडी प्लेअरच्या ट्रेवर ठेवली आणि बटण दाबलं. आतून कुणीतरी दाढेखाली खडा चावल्यासारखा आवाज आला. मग शांतता. पुन्हा बटण दाबलं, तर ट्रे कासवाच्या मानेसारखा इवलासा बाहेर आला आणि घाबरून आत गेला.

"काय केलंत?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणताना तुमचा आवाज बारीक होतो."

"आत आधीच एक डिस्क होती गं. दुकानदाराची, नमुन्याची."

"आणि तिच्या डोक्यावर बाबांना बसवलंत?"

"मला वाटलं, ट्रेचाच भाग आहे. दुसरी प्रत असेल ना?"

"एकच आहे. आई ती कुणाला हातसुद्धा लावू देत नाही."

जावयाने प्लेअर उलटा केला, हलवला, ढेकर काढायला बाळाला थोपटतात तसा थोपटला. शेवटी ट्रेच्या फटीत उलथनं घातलं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात सासरे. एकटेच, आणि वेळेआधी.

"बाकीचे मागून येताहेत," म्हणत ते समोरच्या खुर्चीत बसले. त्यांची नजर उलथन्यावर स्थिरावली. "यंत्र हेच का?"

काहीतरी करायचं म्हणून जावयाने भलतंच बटण दाबलं, आणि टीव्हीवर मासे पोहू लागले. खालची डिस्क सुरू झाली होती. एका नारिंगी माशाने जावयाकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

"बाबा," तो घडाघडा बोलून गेला, "तुमची डिस्क आत अडकलीय. चूक माझी. ती निघेल असं वाटत नाही."

सासरे उठले. त्यांनी दाराला कडी घातली. जावयाने डोळे मिटून घेतले.

"नक्की निघत नाही?" अगदी कानाशी आवाज आला.

"नाही."

"शब्द देता?"

"दे... देतो."

सासरे मटकन खाली बसले आणि त्यांनी कपाळ पुसलं. "सुटलो बुवा. अहो, भाषण करताना रडलो मी. हुंदके देऊन! कैद्यांच्या बँडसमोर. तुमच्या सासूबाईंना त्या दिवशी ताप होता, म्हणून ती आली नव्हती. आता सगळ्या गोतावळ्यासमोर लावणार म्हणते. ती डिस्क खिशात घालायलाच मी लवकर आलो."

लग्नानंतर पहिल्यांदाच जावई त्यांच्यासमोर पाठ टेकून बसला. दोघांनी मिळून मासे पाहिले.

मग सासूबाई आल्या, मागे डझनभर नातेवाईक. हकिगत ऐकून त्यांनी पदर खोचला आणि प्लेअरच्या पाठीत एक धपाटा घातला. ट्रे मुकाट्याने बाहेर आला. डिस्कवर साधा ओरखडाही नव्हता.

"आणि ही डीव्हीडी," त्यांनी पिशवीतून दुसरी डिस्क काढली. "कालच मूळ कॅसेटवरून करून आणली. तुलना करायची तर दोन्ही नकोत?"

व्हीसीडीवर सासऱ्यांचा चेहरा चौकोनाचौकोनांचा दिसत होता. घाम आलाय म्हटलं असतं तरी खपलं असतं. डीव्हीडीवर मात्र प्रत्येक अश्रू सुटा दिसला. एक तर मिशीच्या टोकाला बराच वेळ लोंबकळला.

"जावईबापू, कोणता घ्यायचा?" सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावत विचारलं.

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. तीच ती "बसा"वाली नजर.

"व्हीसीडी," जावई ताडकन म्हणाला. "डोळ्यांना त्रास कमी."

सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी डीव्हीडी प्लेअर घेतला. आता दर रविवारी त्यांच्याकडे कुणी ना कुणी बसतं आणि समारंभ लागतो. सासरे तेवढा वेळ जावयाकडे येतात. उलथन्याने पोचे आल्यामुळे दुकानदाराने परत न घेतलेला प्लेअर जावयाच्याच गळ्यात पडलाय, माशांच्या डिस्कसकट. दोघं मुकाट्याने मासे बघतात.