झाकण न उघडणारं वायफाय

“ज्याचं झाकण उघडत नाही, ते आपल्या घरात येत नाही!” घड्याळवाले अण्णा छाती पुढे काढून सांगायचे. उभा जन्म घड्याळं उघडण्यात गेलेला, बोलणं शोभायचं. लॅपटॉपवरही त्यांचे सगळे प्रोग्राम मुक्त. कुणीही आत डोकावावं, बिघडलं तर दुरुस्त करावं, शेजाऱ्याला वाटावं. कंपन्यांचे कुलूपबंद प्रोग्राम? उंबऱ्याबाहेर!

आणि लेकीला मुलगी झाली. समुद्रापलीकडे! डॉक्टरांनी अण्णांना विमान मना केलेलं. सगळं गणगोत एका कंपनीच्या ॲपवर बाळाला बघून आलं. अण्णांच्या बायको माई तर शेजारणीच्या फोनवर रोज बघायच्या. अण्णा मात्र नाही म्हणजे नाही!

“अहो, कुलूप ॲपला आहे, बाळाला नाही!” माई म्हणाल्या.

“आज बाळासाठी दार उघडलं, उद्या कशासाठी उघडू?” अण्णा म्हणाले खरे, पण त्या दिवशी एकाच घड्याळाला किल्ली देत बसले. इतकी दिली, की स्प्रिंगच तुटली.

शेवटी त्यांनी व्याह्यांना फोनवर गाठलं. व्याही लेकीच्याच घरी राहायचे. जन्मभर कारखाने तपासलेला माणूस. नोकरी सुटली, नजर सुटली नव्हती. अण्णांनी तत्त्व असं समजावलं, की टेलिफोनचा खांबसुद्धा मुक्त व्हायला निघाला असता! व्याही तर पेटलेच. आपल्या लॅपटॉपवर मुक्त प्रोग्राम बसवून पडद्यावर हजर! मांडीवर दुपट्याचं गाठोडं.

“दाखवा, दाखवा!” अण्णा पडद्यात शिरायचेच बाकी होते.

“दाखवतो की. पण काय हो, तुमच्या लॅपटॉपचं वायफाय कुठल्या प्रोग्रामवर चालतं?”

“ते… कंपनीच्याच. एवढासाच आहे हो! त्याच्यावाचून इंटरनेट लागत नाही.”

“झाकण उघडतं त्याचं?”

“नाही.”

“वा, व्याहीबुवा! म्हणजे तत्त्व फक्त आम्हाला सांगायला!”

हा प्रश्न आपणच आपल्याला कधी विचारला नाही, हेच अण्णांना जास्त लागलं. गाठोड्यातून एक इवलीशी मूठ वर आली. अण्णांनी ती डोळे भरून पाहिली आणि वायफायचा तो प्रोग्राम काढून टाकला.

मूठ जागच्या जागी थिजली. मग पडदा काळा!

लगेच फोन खणखणला. “अहो, काढलात की काय? मी थट्टा केली हो!”

“मी नव्हती केली,” अण्णा म्हणाले.

संध्याकाळी माई शेजारणीकडून धावतच आल्या. “हसली! आज पहिल्यांदा हसली!”

अण्णा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, “कशी गं?”

माईंनी इकडेतिकडे पाहिलं, कवळी काढून हातात घेतली, डोळे बारीक केले आणि बोळकं भरून हसल्या.

“परत एकदा.”

माई परत हसल्या. मग कवळी बसवत म्हणाल्या, “बघून घ्या काय ते! तिला दात आले की मला नाही जमायचं!”