बिगरव्हॉल्व्हचे यंत्र

“मागच्या बाकापर्यंत आलं पाहिजे बघ, शांतवन. पुढच्यांचं काय, त्यांला पाळकसायबाचं खोकलणंबी ऐकू येतंय.”

म्हाळसाबाईंनी मुलाला हे सांगितलं, तेव्हा त्यांना अजून अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. त्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. एका दुपारी मुकादमानं शिट्टी मारायच्या आधीच सुरुंग उडाला आणि म्हाळसाबाईंच्या दोन्ही कानांतून रक्त आलं. उमरग्याच्या डॉक्टरनं बॅटरी लावून बघितलं. पडदे फाटलेत, उरलंसुरलंही हळूहळू जाईल, असं त्यानं शांतवनला बाहेर बोलावून सांगितलं. खरं तर आत सांगितलं असतं तरी चाललं असतं.

म्हाळसाबाईंनी देवाकडे कान परत मागितले नाहीत. त्यांनी मुलाकडे एकच गोष्ट मागितली. पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, त्यांच्या वारलेल्या मालकाच्या आवडीचं गीत शांतवननं गिटारीवर वाजवायचं आणि ते त्यांना मागच्या बाकावर ऐकू आलं पाहिजे.

“माय, तू पुढं येऊन बस की,” शांतवन ओरडून म्हणाला.

“न्हाय. नेम हाय माजा.”

नेम असा होता, की पाऊस पडेपर्यंत मागचा बाक सोडायचा नाही. खडीच्या कामावरून थेट उपासनेला येणारी माणसं धुळीच्या पायांनी पुढं यायला लाजत, मागं बसत. त्यांच्यात बसायचं, असं म्हाळसाबाईंनी देवापाशी कबूल केलं होतं. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकानं त्यांचं नाव मार्था ठेवू पाहिलं, तेव्हाही त्या अशाच ‘न्हाय’ म्हणाल्या होत्या. तेव्हापासून या बाबतीत त्यांच्याशी कोणी वाद घालत नसे.

शांतवन गावच्या शाळेत मास्तर होता. मिशनचा साहेब देश सोडून जाताना त्याला आपली विजेवरची गिटार आणि कोंबड्याच्या खुराड्याएवढा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर देऊन गेला होता. हा अँप्लिफायर चालू केला की आतले काचेचे व्हॉल्व्ह तांबूस व्हायला पाच मिनिटं लागत, मग तो गुरगुरायला लागे, आणि गुरगुर संपून आवाज यायच्या बेतात गावची लाइट जाई. होळीच्या आधी त्यातला शेवटचा व्हॉल्व्ह फुटला. म्हाळसाबाई शेजारीच धान्य निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. शांतवनला अँप्लिफायर गेल्याचं दुःख नंतर झालं.

तो सायकलीवरून तीन कोस मुरूमला गेला. तिथं मल्लिनाथचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं.

“व्हॉल्व्हचा जमाना गेला, मास्तर,” मल्लिनाथ खुराडं उघडून म्हणाला. “आता ट्रान्झिस्टरचा घ्या. गरम व्हत न्हाय, गुरगुरत न्हाय. एकदम कोरडा कारभार.”

“कोरडं तर सगळंच हाय आमच्याकडं.”

“आन् लाइट नसली तर बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतोय. किती वॅटचा पायजे ते बोला. पाच वॅटचा घरापुरता. पन्नासचा घेतला तर बैलं उधळतील.”

“घरी वाजवायचाय आन् चर्चमधीबी. घरी शेजाऱ्यांनी शिव्या देऊ नये, चर्चमधी मागच्या बाकापर्यंत पोचावा.”

“मंग पंचवीस. घरी बटन खाली, चर्चमधी वर.” मल्लिनाथनं खुराडं बंद केलं. “पर सोलापूरला मागवावा लागंल. तुमी-आमी पत्र टाकलं तर दिवाळीला येतोय.”

पुनरुत्थानाच्या रविवाराला तीन आठवडे उरले होते. म्हाळसाबाई आता हाक मारली तर बघत नव्हत्या, खांद्याला हात लावला तर बघत.

मार्ग दाखवला तो बंडप्पानं. बंडप्पा सोसायटीचा सेक्रेटरी. “सोलापूरच्या यंत्रांच्या दुकानातनं सोसायटीचा माल येतोय की,” तो म्हणाला. “सोसायटीच्या कागदावर पत्र गेलं की आठ दिवसांत गाडी दारात. तुमी फकस्त काय पायजे ते सांगा, लिवतो मी. सरकारी भाषा तुमाला जमायची न्हाय.”

शांतवननं सांगितलं आणि बंडप्पानं लिहिलं. ‘अँप्लिफायर’ या शब्दापाशी त्याचा टाक अडला. दोनदा खोडून त्यानं तिथं ‘यंत्र’ लिहिलं. वॅटचा आकडा त्यानं लिहिलाच नाही. एवढं त्या शेटला कळतंय, म्हणाला. पत्र असं झालं :

‘विषय : यंत्र मिळणेबाबत. सदर यंत्र बिगरव्हॉल्व्हचे असावे. विजेवाचून चालणारे असावे. जोर असा असावा की पार शेवटच्या टोकापर्यंत पोहोचेल. काम तातडीचे आहे, गरजू व्यक्ती म्हातारी आहे. पाठविण्याचा पत्ता : ख्रिस्ती मंदिर, विहिरीजवळ.’

वर सोसायटीचा शिक्का बसला. शांतवननं घरी येऊन आईला बोटांनी आठ दिवस दाखवले. आठाचे सोळा झाले. उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, म्हाळसाबाईंनी उपासाच्या तोंडानं दोन्ही हातांचा पेटीएवढा आकार करून, भुवया उंचावून मुलाकडं बघितलं. शांतवननं आभाळाकडं बोट केलं. तिथंही काही नव्हतं.

शनिवारी सकाळी ट्रक आला आणि चर्चच्या मागच्या भिंतीला लागून, मिशनच्या विहिरीपाशी, पाच हॉर्सपॉवरचं नवंकोरं डिझेल इंजिन पंपासकट उतरवून गेला.

चर्चचे वडील, म्हणजे मंडळीतले पंच, दगडोबा सगळ्यांत आधी पोचले. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली. “देवानं ऐकलं, मास्तर.”

“देवानं ऐकलं आसंल,” शांतवन म्हणाला, “पर दुकानदारानं न्हाय ऐकलं.”

तोवर बातमी गावभर झाली होती. मिशननं विहिरीवर इंजिन बसवलं. तासाभरात चर्चच्या भिंतीकडेनं घागरी लागल्या. घरी लेकरू टाकून आलेल्या बायांनी घागरीच्या जागी दगड ठेवून नंबर धरला. विहिरीत म्हशीच्या खुराच्या खळग्यात मावेल एवढं गढूळ पाणी होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यातल्या निम्म्या जणी ते पोहऱ्यानं खरवडायला रोज येत. पण इंजिन आलंय म्हटल्यावर खाली काहीतरी असेलच, असं सगळ्यांनी धरलं.

बंडप्पाला बोलावलं. तो पत्राची नक्कल घेऊनच आला आणि इंजिनावर एक पाय ठेवून त्यानं ती सगळ्यांना वाचून दाखवली. “विजेवाचून चालणारं. हाय का न्हाय? शेवटच्या टोकापर्यंत पोचणारं. हाय का न्हाय? विहिरीजवळ. आता ह्यात माजं काय चुकलं सांगा.”

कोणालाच चूक सापडली नाही. शांतवनलाही सापडली नाही. एक ‘यंत्र’ सोडलं तर शब्द सगळे त्याचेच होते.

मल्लिनाथ सामान जोडायला मुरूमहून आला होता. पत्र्याच्या खोक्यातून पंचवीस वॅट निघतील म्हणून तो बॅटरी घेऊन आला होता. इंजिन बघून त्यानं बॅटरी सायकलीवरून उतरवलीच नाही. पंपाभोवती फिरून म्हणाला, “फूट व्हॉल्व्ह दिला न्हाय. पाइपाच्या बुडाला व्हॉल्व्ह नसला की पंप पाणी धरत न्हाय.”

“का दिला न्हाय?” दगडोबांनी विचारलं.

“मास्तरनंच लिवलंय न्हवं. बिगरव्हॉल्व्हचं.”

घागरींच्या रांगेतून सगळे चेहरे शांतवनकडं वळले.

“आवो मास्तर,” एक बाई म्हणाली, “सगळं नीट मागीवलं, मंग व्हॉल्व्ह नको कशाला म्हनलात?”

“मी ते गिटारीसाठी...”

“गिटारीला पानी लागतंय व्हय?”

“शिकल्याली मानसं,” दुसरी म्हणाली. “पावसाचं देवाच्या हातात. पर व्हॉल्व्हचं तर ह्येंच्या हातात हुतं.”

दुपार चढेपर्यंत गावात पाणी नसण्याचं कारण शांतवन मास्तर आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. शाळेत येणाऱ्या मुलींच्या आयाही त्याच्याकडं बघेनात. शेवटी दगडोबाच मधे पडले. त्यांच्या रानात दोन वर्षं बंद पडलेलं इंजिन होतं. त्याचा फूट व्हॉल्व्ह आणि पाइप त्यांनी गाडीतून आणला. सोसायटीच्या पिंपातलं डिझेल आलं. मल्लिनाथनं पाइप विहिरीत सोडला आणि हात पुसत म्हणाला, “आता येक घागर पानी द्या.”

रांगेतल्या बाया एक पाऊल मागं सरल्या.

“पंपात वतावं लागतंय आधी,” मल्लिनाथ म्हणाला. “पानी घातल्याबिगर पानी वडत न्हाय त्यो.”

बायांनी आपापल्या घागरीच्या तोंडावर हात ठेवले. बहुतेक घागरी रिकाम्याच होत्या, तरी ठेवले. पाळकसाहेब मान खाली घालून उभे राहिले.

म्हाळसाबाई सकाळपासून चर्चमधेच होत्या. उद्याच्या उपासनेसाठी फरशी पुसायची होती, पण पुसायला पाणी नव्हतं, म्हणून त्या कोरड्या फडक्यानं बाक झाडत होत्या. दारातून त्यांना गर्दी दिसली, यंत्र दिसलं, मुलगा मधे उभा दिसला. त्यांना जे कळायचं ते कळलं. त्या बाहेर आल्या.

“आलं व्हय मशीन?” त्यांनी शांतवनला विचारलं. ऐकू येईनासं झाल्यापासून त्या फार मोठ्यानं बोलत. “लईच मोठं दिलं की रं.”

मल्लिनाथनं हातानं ओतायची खूण करून पंपाकडं दाखवलं.

“पानी लागतंय त्याला? लागू दे.”

त्या घरी गेल्या आणि टँकरखाली तीन तास उभं राहून आदल्या दिवशी आणलेली आपली घागर घेऊन आल्या. शांतवन आडवा झाला. त्याला बाजूला सारून त्यांनी ती मल्लिनाथच्या हातात दिली आणि पुन्हा आत जाऊन मागच्या बाकावर, भिंतीला पाठ टेकून, हात जोडून बसल्या.

मल्लिनाथनं घागर पंपात रिकामी केली. त्यानं आणि शांतवननं मिळून हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं, काळा धूर सोडला आणि धडधडायला लागलं. नळाच्या तोंडाशी बाया एकमेकींवर रेटल्या. पाणी आलं. आधी म्हाळसाबाईंचं स्वच्छ पाणी आलं. मग चिखल आला. मग एक बेडूक आला, तो जिवंत होता. मग नुसती हवा आली. खाली धरलेली घागर मोजून अर्धी भरली होती, आणि तीही राडा.

“दिल्यालं बी परत आलं न्हाय,” मघाची बाई हळू म्हणाली. या वेळी तिनं मास्तरकडं बघितलं नाही.

इंजिन तसंच धडधडत होतं. चर्चची मागची भिंत हादरत होती, कौलांतून माती पडत होती. आणि त्या धडधडीवरून आतून एक आवाज आला.

“आलं! शांतवन, आलं रं बाबा! मागच्या बाकापर्यंत आलं!”

सगळे दारात धावले. म्हाळसाबाई भिंतीला पाठ लावून, दोन्ही तळवे बाकावर दाबून, डोळे मिटून बसल्या होत्या आणि मोठ्यानं गात होत्या. मालकाच्या आवडीचं तेच गीत. सूर कुठल्या कुठे गेला होता, ताल मात्र डिझेल इंजिनाचा बिनचूक धरला होता. दारातल्या बाया हसायला निघाल्या होत्या, त्यांचं हसू तोंडातच राहिलं. दगडोबांनी पुन्हा टोपी काढली.

मल्लिनाथनं इंजिन बंद केलं. दोन ओळी म्हाळसाबाई तशाच गात राहिल्या. मग थांबल्या, डोळे उघडून म्हणाल्या, “का थांबलास? बरं, ऱ्हाऊ दे. उद्या आसंच वाजीव.”

शांतवननं मान हलवली. दुसरं काय करणार.

संध्याकाळच्या आत बंडप्पा बैलगाडी घेऊन आला. कागद सोसायटीचा, शिक्का सोसायटीचा, तेव्हा यंत्रही सोसायटीचं आहे, असं चेअरमनसाहेबांनी सांगितलं होतं. ते चेअरमनसाहेबांच्या मळ्यातल्या विहिरीवर बसवायचं ठरलं, कारण तिथं पाणी होतं. दगडोबांचा व्हॉल्व्हही पाइपाला तसाच गेला.

“तुमचं काम ऱ्हाणार न्हाय, मास्तर,” बंडप्पा गाडीवरून म्हणाला. “दुसरं पत्र टाकतो की. ह्या टायमाला ‘व्हॉल्व्ह असला तरी चालेल’ आसं लिवू.”

गाडी गेल्यावर शांतवन एकटाच चर्चमधे मागच्या बाकावर जाऊन बसला. त्यानं बाकावर तळवे ठेवले. लाकूड आता गप्प होतं. मग घरी गेला, उशीतला कापूस काढून दोन्ही कानांत गच्च भरला, गिटार मांडीवर घेतली, तिच्या लाकडावर हनुवटी टेकवली आणि एक तार छेडली.

तार कानात वाजली नाही. दातांत वाजली, गालाच्या हाडात वाजली, आणि तिथून कुठूनतरी आत गेली. त्यानं दुसरी छेडली. मग कापूस काढायचं विसरून तो अर्धं गीत वाजवत राहिला. समोर म्हाळसाबाई उद्याच्या लुगड्याची घडी घालत होत्या. दोघांनाही ऐकू येत नव्हतं, म्हणून दोघंही एकमेकांकडं बघून हसले.

रविवारी चर्च भरलं. घागरीवाल्या बायांतल्या काही जणी, ज्या एरवी कधी येत नसत, त्याही मागं दाटीवाटीनं येऊन बसल्या. मास्तर आता इंजिनाविना काय करतो ते त्यांना बघायचं होतं. व्यासपीठाजवळ शांतवनची खुर्ची नेहमीच्या जागी होती. म्हाळसाबाईंनी पाठ भिंतीला लावली, तळवे बाकावर दाबले आणि डोळे मिटून घेतले.

“आता मास्तर गीत वाजवतील,” पाळकसाहेब म्हणाले आणि खोकले.

शांतवन खुर्चीवरून उठला. गिटारीची वायर त्यानं गुंडाळून खिशात टाकली.

“मास्तर, कुठं निघालात?” पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

गिटार छातीशी धरून तो दोन्हीकडच्या बाकांमधून, काल पुसायची राहिलेल्या धुळीवर पावलं उमटवत, मागच्या बाकावर डोळे मिटून बसलेल्या आईकडं चालत गेला.