एका फुटाला चार मिलिमीटर

वासुदेवभाऊ समोर आले की आमच्या गल्लीतली माणसं छत्री पाठीमागे लपवतात. ते नमस्कार तुम्हाला करतात, पण नजर छत्रीच्या काड्यांवर असते. ‘भाऊ, मोडली का मलेच देजो.’ तुमची छत्री म्हणजे त्यांच्या लेखी आगगाडीच्या चाकांचे आस.

गृहस्थ रेल्वेतून निवृत्त. जन्मभर डब्यांच्या चाकांवर हातोडी मारून, तडा गेलाय का, ते आवाजावरून ओळखलं. आता वर्ध्याच्या घरात, ओसरीवर बसून, पुलगाव-आर्वीच्या बंद पडलेल्या छोट्या गाडीचा डबा करतात. एकच डबा. सात वर्षं झाली. माप ठरलेलं: एका फुटाला चार मिलिमीटर. छपराला तेलाच्या डब्याचा पत्रा, कठड्यांना कुसुमवहिनींच्या केसांच्या पिना, चाकांना टिच बटणं. माझ्या चष्म्याचा एक स्क्रू त्या डब्यात कुठेतरी आहे. कुठे, ते दिसत नाही, कारण चष्मा नाकावर टिकत नाही.

अर्धा मिलिमीटर चुकला की मोडायचं आणि पुन्हा करायचं. चाकं आठ वेळा झाली. भाऊ थकले, आम्ही त्यांच्याहून थकलो.

‘आर्वीले मी पायी निघाली असती तं सात वर्षांत हजारदा पोचली असती,’ वहिनी दारातून सुनावतात. ‘अन् या वयात केस मोकळे सोडून फिरून राह्यली मी. लोक म्हणतीन, अंगात आलं!’

‘तू चूप राय. नागपूरच्या प्रदर्शनात परीक्षक मोजपट्टी घेऊन येते.’

प्रतिकृतींच्या त्या प्रदर्शनात एकदा तरी डबा मांडायचा, एवढाच त्यांचा ध्यास. दरवर्षी काहीतरी चुकायचं आणि राहून जायचं. यंदा डबा पुरा झाला, फॉर्म भरला. नेण्याच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटच्या मोजणीला मला बोलावलं. मी खऱ्या डब्याचा जुना नकाशा आणि त्यांचीच मोजपट्टी घेऊन बसलो. लांबी बरोबर. दारं बरोबर. आणि पायरी? नकाशात रुळापासून दहा मिलिमीटर, डब्यावर आठ! खऱ्या गाडीत अर्धा फूट!

सात वर्षांचा वचपा काढायची संधी. मी नाटकातल्यासारखा हात उंचावून गरजलो, ‘वासुदेवभाऊ, पायरी चुकली! परीक्षक हाकलून देतील!’

ते दचकले नाहीत. आतल्या दाराकडे पाहून पुटपुटले, ‘हळू बोला जी. चुकली नाई. मी तशीच केली.’

‘काऊन?’

‘हिचं माहेर आर्वीचं. उंची चार फूट सात इंच. पायरीवर पाय पोचे नाई. लोक हासत, ही बी हासे. एकडाव पडली. मी तिथंच, हातोडी घेऊन उभा. रेल्वेच्या डब्याची पायरी मी कशी खाली करू? हा डबा माहा आहे.’

‘मग आता वर घ्या. उद्यापर्यंत वेळ आहे.’

त्यांनी पायरीवरून अलगद बोट फिरवलं. मग फॉर्मच्या चार घड्या केल्या आणि खिशात टाकला.

वहिनी चहा घेऊन आल्या. ‘झालं का जी? उद्या मी बी येतो नागपूरले.’

‘नाई जाऊन राह्यलो,’ भाऊ म्हणाले. ‘एक चाक हलते.’

वहिनींनी कपाळावर हात मारला आणि माझ्याकडे पाहिलं. आठही चाकं मी मघाशीच फिरवून पाहिली होती.

‘हो वहिनी,’ मी म्हणालो. ‘हलतं.’