मलई दुधाची

दीप्ती ऑफिसातून घरी आली तेव्हा घरातलं एकही भांडं रिकामं नव्हतं. पातेली, कढई, झालंच तर तिचा नवा सॅलडचा बाऊल, सगळ्यांत तापवलेलं दूध निवत ठेवलं होतं आणि तिचे वडील शंकरराव चमचा घेऊन एकेका भांड्यावर वाकून बघत होते.

"बाबा, काय करून राहिले तुम्ही?"

"मलई जमवून राहिलो."

"काहून?"

"पेत्रूसाठी."

पेत्रू म्हणजे शेजारचा रोमानियन म्हातारा. नागपूरच्या वीज मंडळातून निवृत्त होऊन लेकीकडे कॅनडातल्या लव्हालला आलेल्या शंकररावांचा तो इथला एकुलता एक मित्र. दोघांचं इंग्रजी मिळून एका माणसापुरतंही भरलं नसतं, पण त्यामुळे गप्पा कधी अडल्या नव्हत्या. दीप्ती उठायच्या आत तिच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढून ठेवणारा हा माणूस परवा बर्फ उपसता उपसता म्हणाला होता, "संडे, माय बर्थडे. वाइफ, नो मोर. नो मलाय दुलचे."

शंकररावांनी कान टवकारले. मलई, दुधाची! उच्चार जरा बोबडा होता, एवढंच. तरी खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी विचारलं, "स्वीट? यलो?"

"स्वीट, यलो. ओव्हन. टॉप, ब्राउन," म्हणत पेत्रूने हवेतच वड्या पाडून दाखवल्या.

म्हणजे खरवसासारखं काहीतरी, पण भाजून. बायको गेल्यानंतरचा पहिला वाढदिवस काय असतो ते शंकररावांना ठाऊक होतं. त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत उपाशी होते आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. पेत्रूचं तसं होऊ द्यायचं नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

इथे दूध पिशवीत मिळतं, अगदी नागपूरसारखं, म्हणून ते बेसावध राहिले. पिशवी ओळखीची, आतलं दूध परकं. कितीही तापवा, साय म्हणून जी धरायची ती चष्म्यावर धरणाऱ्या वाफेइतकी. उरलेल्या दुधाचं करायचं काय, म्हणून दीप्तीला सकाळी खीर, डब्यात दही आणि रात्री कढी मिळू लागली. शुक्रवारी दुपारी तर पातेलं उतू गेलं, शेगडीच्या कॉइलवर दूध करपलं आणि छताला लावलेला धुराचा अलार्म बोंबलू लागला.

पेत्रू हातात फावडं घेऊनच धावत आला. "फायर?"

"नो फायर." शंकररावांना गुपित फोडायचं नव्हतं, पण दुःखही आवरेना. पातेल्याकडे बोट दाखवत ते म्हणाले, "कॅनडा मिल्क. नो मलाय."

पेत्रूने पातेल्यात डोकावून पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. "नो मलाय," तो हळूच म्हणाला, शंकररावांचा खांदा थोपटला आणि निघून गेला.

शेवटी दीप्तीच ग्रोसरीतून क्रीमची खोकी घेऊन आली. "हे घ्या बाप्पा, आणि माझी भांडी सोडा आता." रविवारी सकाळी साखर घालून ते क्रीम ओव्हनमध्ये गेलं आणि वरून तपकिरी, आतून डळमळीत असं काहीतरी होऊन बाहेर आलं. शंकरराव ट्रे सांभाळत, बर्फातून जपून पावलं टाकत शेजारी गेले.

पेत्रूने चमचाभर खाल्लं. "गुड. व्हॉट इज?"

"युअर मलाय."

"नो. क्रीम."

"येस, येस. मलाय. दुधचे."

पेत्रू त्यांच्याकडे बघतच राहिला. मग आत गेला आणि लाल फीत बांधलेलं एक पोतं ओढत घेऊन आला. "फॉर यू," तो म्हणाला. "पुअर मॅन. मिल्क, नो मलाय."

शंकररावांनी पोत्यात हात घातला. आत मक्याचं पीठ होतं, पिवळं, रवाळ. रोमानियात मक्याच्या पिठालाच मलाय म्हणतात, दुलचे म्हणजे गोड, म्हणून मलाय दुलचे म्हणजे मक्याचा गोड केक, आणि तिकडे या पिठाचा घाटा दुधात कालवून खातात, हे सगळं उलगडायला बराच वेळ, बरेच हातवारे आणि दीप्तीला एक फोन लागला. मग मात्र दोघेही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

तो मक्याचा केक करायचा कसा, हे पेत्रूलाही माहीत नव्हतं. तो जन्मभर नुसता खायचा धनी. तेव्हा शंकररावांच्या मलईत पेत्रूची मलाय कालवली, अंडी फोडली, साखर अंदाजाने वाढवली आणि दोघे ओव्हनच्या काचेसमोर खुर्च्या टाकून बसले.

केक निघाला तो मधोमध भेगाळलेला, पण पिवळाधमक. पेत्रूने एक घास घेतला. शंकररावांचा जीव टांगणीला लागला.

"लाइक वाइफ?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"नो," पेत्रू म्हणाला. "वाइफ, मच बेटर." आणि त्याने दुसरा तुकडा उचलला.

शंकररावांनीही एक घेतला, सावकाश खाल्ला.

"माय वाइफ ऑल्सो," ते म्हणाले. त्यांच्या बायकोने उभ्या जन्मात केक केला नव्हता.